वळायच्या खोलीतल्या माईंना

माई, तुम्ही गेल्यापासून घरात माणसांची रीघ लागली आहे. येणारे बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसतात, भावोजींकडे बघून हळहळतात, मग माझ्याकडे वळून म्हणतात, "सवाष्ण गेली हो, भाग्याची." थोड्या वेळानं म्हणतात, "फार सोशिक होती." मी पाण्याचे पेले पुढे करते. तुम्ही सोशिक होता असं ह्या घरात आल्यापासून मला एकदाही वाटलेलं नाही. तुम्ही हट्टी होता. एखादी गोष्ट मनात आली की ती होईपर्यंत तुम्ही कुणाला सुखानं जेवू द्यायचा नाहीत आणि स्वतःही जेवायचा नाहीत. पण सुतकाच्या घरात हे सांगायचं कुणाला? धाकट्या जावेनं थोरलीविषयी असं बोलू नये म्हणतात. म्हणून तुम्हालाच सांगते.

तुम्हाला शेवटची आंघोळ घालताना तुमचा उजवा हात माझ्या हातात होता. अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं टोकाशी चपटी झालेली, आणि त्या चपट्या जागी कातडीत मुरलेला काळपट पिवळा डाग. औषधाच्या गुट्या वळणं सोडून तुम्हाला कितीतरी दिवस झाले होते, तरी तो गेला नव्हता. तुमची आतेबहीण म्हणाली, "हे काय लागलंय? नीट चोळ की." मी चोळलं नाही. तो डाग तुमच्याबरोबर जाऊ दे, असं वाटलं.

त्या आतेबहिणीला आपली वळायची खोली ठाऊक नव्हती. भावोजींच्या दवाखान्याच्या मागची लांबट खोली, वाडीकडे उघडणारी एकच खिडकी. भावोजी खलात औषध घोटून द्यायचे, रसाच्या भावना देऊन, म्हणजे रसात पुन्हा पुन्हा भिजवून-घोटून, त्याचा गोळा व्हायचा, आणि मग बायका परात मधे घेऊन गोल बसायच्या. चिमूट घ्यायची, बोटांत फिरवायची, हरभऱ्याएवढी गुटी सुपात टाकायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, हे काय, खेळ आहे. पहिल्या संध्याकाळी माझ्या हाताला हिंगाचा वास येत होता आणि घास तोंडात जाईना. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "मी आले तेव्हा आठ दिवस ताक-भात चमच्यानं खाल्ला. सासूबाईंना वाटलं, सून मडमीण आहे."

पण त्या खोलीत काय बोलणं चालायचं, माई! कुणाच्या नणंदेचं बाळंतपण, कुणाच्या दिराची गिरणीतली बदली, बांगडा कुठे ताजा मिळतो, मराठी राज्याच्या सत्याग्रहात आज कोण तुरुंगात गेलं. अनसूया लालबागहून ट्रामनं यायची. नवरा गेलेली, मूळची मालवणकडची, आवाज असा की दवाखान्यातल्या रोग्यांनाही ऐकू जावा. चेहरा गंभीर ठेवून ती असं काही बोलायची की हसता हसता बायकांच्या हातून गुट्या बोराएवढ्या व्हायच्या. मग तुम्ही सुपावर हात आपटायचा. "हसा गं, पण गोळीकडे बघून हसा."

दादरच्या त्या दुकानदारानं आपल्या गुट्यांच्या बरण्या परत दिल्या तो दिवस आठवतो ना? आपण दोघी गेलो होतो. माणूस वाईट नव्हता. त्यानं स्टूल पुसून बसायला दिलं. म्हणाला, "माई, रागावू नका. गिऱ्हाईक आता बाटलीतली पांढरी गोळी मागतं. तुमच्या लहान-मोठ्या असतात. परवा एकानं तर विचारलं, ह्याला कुणाकुणाचे हात लागलेत?" तुम्ही पदर खांद्यावर घेतलात आणि उठलात. ट्राममध्ये तुम्ही बरणी मांडीवर धरून बसला होतात. गिरगावात आपला थांबा आला. उतरताना म्हणालात, "इंदू, मशीन घ्यायचं."

मला वाटलं होतं, विरोध होईल तो भावोजींचा. तो झालाच. "औषध वैद्याच्या हातून रोग्याच्या हातात जातं," ते म्हणाले, "मधे लोखंड कशाला?"

"मधे माझी बोटं आहेत," तुम्ही म्हणालात. "तुम्ही घोटता आणि उठून जाता. गुटीला तुमचा हात कधी लागलाय?"

भावोजींनी खल आपल्याकडे ओढून घेतला. शेवटी ठरलं, की कुटणं-घोटणं त्यांच्या पद्धतीनं आणि गोळी करणं तुमच्या. इतक्या वर्षांच्या संसारात तुम्ही दोघांनी केलेला हा एकच तह मी पाहिला.

खरा विरोध माझा होता. तो तुम्हाला अपेक्षित नव्हता. मी मॅट्रिक झालेली, रोज वर्तमानपत्र वाचणारी, म्हणून मी तुमच्या बाजूनं उभी राहीन असं तुम्ही धरून चालला होता. मी म्हटलं, "माई, बाहेर कामगारांसाठी घोषणा द्यायच्या आणि घरात बायकांच्या हातचं काम काढून घ्यायचं?"

"काढतंय कोण? एकीलाही जा म्हणणार नाही. बाटल्या भरायच्या आहेत, लेबलं लावायची आहेत. पैसे तेच."

"आणि त्यांना ते नको असलं तर?"

"बोटं काळी करून घ्यायची कुणाला हौस असते गं?" असं म्हणून तुम्ही तुमचा हात माझ्यापुढे धरलात. मी तो हातात घेऊन पाहिला. पण पटलं नाही. ते भांडण आपण त्या दिवशी सुरू केलं आणि मग स्वयंपाकघरात, गच्चीवर, देवळाच्या पायरीवर, जिथे सापडेल तिथे पुढे चालवलं.

मशीन आलं ते नेमकं हरताळाच्या दिवशी. जुनंच मशीन, एका मोठ्या कारखान्यानं काढून टाकलेलं. हातगाडी सकाळी निघाली तेव्हा सगळं शांत होतं. ती आपल्या नाक्यावर पोचेपर्यंत दुकानांच्या फळ्या लागल्या होत्या, पलीकडून घोषणा ऐकू येत होत्या, आणि दगड सुरू झाल्यावर गाडीवाले गाडी तिथेच सोडून गल्लीत पळाले. तुम्ही खिडकीतून पाहिलंत आणि चपला घातल्यात. मी ओरडले, "माई, अश्रुधूर सोडतायत!" तुम्ही म्हणालात, "पदर ओला कर आणि चल."

त्या दिवशी ट्राम बंद होणार म्हणून अनसूया पहाटेच चालत आली होती. तीही उठली, तिच्या मागे बाकीच्या उठल्या. भर रस्त्यात आपण सगळ्या ती गाडी ढकलत होतो. एका हवालदारानं काठी आडवी घातली.

"गोणपाटाखाली काय आहे?"

"मशीन आहे," तुम्ही म्हणालात. "गोळ्या करायचं."

"गोळ्या?" त्याचा चेहराच बदलला.

अनसूया पुढे झाली. "पोटदुखीच्या हो, हवालदार. तुमच्यासारख्या नाय."

आता ही आपल्या सगळ्यांना चौकीत पोचवणार, असं मला वाटलं. त्यानं गोणपाट उचलून पाहिलं, तोंड फिरवलं, आणि हसू दाबत म्हणाला, "लवकर आत घ्या, बाई. इथं उभ्या राहू नका." वाडीच्या दारातला उंबरा चढेना तेव्हा चाकाला खांदा कुणी लावला, आठवतं? अनसूयेनंच. खोकत, डोळे पुसत, "झालाच पाहिजे, झालाच पाहिजे" म्हणत तिनं गाडी आत लोटली. आपण सगळ्या वेड्यासारख्या हसत होतो. त्या खोलीतलं ते शेवटचं मोठं हसणं होतं. तेव्हा कुणाला माहीत?

पहिल्या गोळ्या दगडासारख्या झाल्या. तुम्हाला चाक फिरवताना पाहून सगळ्या टाळ्या वाजवत होत्या, आणि पत्र्यावर टणटण आवाज करत गोळ्या पडत होत्या. एकसारख्या, कडा धारदार, बघायला सुंदर. आठवड्याभरात समोरच्या वाडीतल्या आजी आल्या आणि दवाखान्यात चार माणसांदेखत म्हणाल्या, "वैद्यबुवा, गोळी जशी गिळली तश्शी दुसऱ्या दिवशी भेटली हो." भावोजींनी फक्त आतल्या दाराकडे पाहिलं. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तुम्ही मला नंतर सांगितलंत. मग दाब कमी केला तर गोळ्यांचे पापुद्रे निघू लागले. हवा दमट झाली की चूर्ण साच्याला चिकटायचं. तुम्ही सुईनं साचा टोकरत बसायचा. बायका पुन्हा परात घेऊन वळायला बसल्या होत्या आणि तुमच्याकडे बघत नव्हत्या.

मशीन विकणाऱ्यानं जाधवांचं नाव दिलं. ते परळच्या औषध कारखान्यात गोळ्यांच्या मशीनवर होते, राहायला भोईवाड्याच्या चाळीत. त्यांच्या घरानं नुकताच बौद्ध धर्म घेतला होता. हे त्यांनी आल्या आल्या दारातच सांगितलं, बहुधा मागाहून कुणाला तोंड वाकडं करायला लागू नये म्हणून. तुम्ही म्हणालात, "बरं. मशीन आत आहे, या." सुट्टीच्या दिवशी ते यायचे. तुम्ही त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून ऐकायचा.

"चूर्ण सरळ साच्यात नाही टाकायचं, बाई," ते म्हणाले. "आधी खळीत भिजवायचं, चाळणीतून दाणा पाडायचा, तो सुकवायचा. पण अगदी कोरडा नाही."

"म्हणजे रवाळ. लाडवाला भाजतो तसं."

"लाडवाचं मला माहीत नाही," ते हसून म्हणाले. "पण रवाळ, बरोबर."

पहिल्या दिवशी तुम्ही घरातल्याच कपांत चहा आणलात. भावोजींनी आपला कप उचलला नाही. जाधवांच्या ते लक्षात आलं. सरळच म्हणाले, "वैद्यबुवांचा चहा निवतोय." तुम्ही म्हणालात, "त्यांना आज नको असेल. उद्या लागेल." उद्या काही लागला नाही. पुष्कळ महिने गेले. पण एकदा कुठलीतरी गुटी पाण्यात विरघळेना म्हणून भावोजी स्वतःच जाधवांशेजारी येऊन बसले, बोलता बोलता कप हातात घेतला आणि पिऊन टाकला. तुम्ही दारात उभं राहून मला नुसता डोळा घातलात. घरातल्या थोरल्या सुनेनं डोळा घालताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग गोळ्या जमल्या. पाण्यात टाकली की फुलायची, चव तीच, आणि दादरच्या दुकानदारानं पुन्हा बरण्या मागवल्या. पुढे जाधवांनी मोटार आणि पट्टा बसवून दिला. तुम्ही जिंकलात, माई. हे मी तेव्हाही म्हटलं होतं.

फक्त मोटार सुरू झाली की खोलीत कुणाचं काही ऐकू येईना. खट्-खट्, खट्-खट्. बाटल्या भरणाऱ्या बायका भिंतीकडे तोंड करून ओळीत बसायच्या, कारण गोल बसायला जागाच उरली नव्हती. लेबलं लावायचं काम वरच्या मजल्यावर गेलं. बोलायला लागलं की घसा ताणावा लागायचा, मग कोण ताणतंय! एकेक करून बायका कमी झाल्या. कुणी गावी गेली, कुणाला दुसरं काम मिळालं. अनसूया काही न बोलता गेली. एका शनिवारी डबा घेऊन निघाली ती सोमवारी आली नाही.

"तुम्ही घालवलंत तिला," मी म्हटलं.

"मी? तिला तेच पैसे देत होते, पाठ दुखत नाही असं काम देत होते."

"तिच्या हातातली कला काढून घेतलीत."

"कला!" तुम्ही उसळलात. "तुला कला दिसते कारण तू अधूनमधूनच वळलीस, तुझी बोटं गोरी राहिली."

ते मला लागलं. दोन दिवस आपण फक्त मिठाचं आणि दुधाचं बोललो. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या ताटात गरम पोळी टाकलीत आणि भांडण जिथे होतं तिथेच ठेवून आपण पुढे गेलो.

पुढे पुढे खोलीत आपण दोघीच उरलो. मोटारीच्या आवाजात बोलणं नको म्हणून हातवारे ठरले. मूठ झाकली की दाणा संपला. बोट गोल फिरवलं की पट्टा सरकतोय. अंगठा ओठाला लावला की चहा. दिवसचे दिवस आपण एकमेकींसमोर बसून असं बोललो. तुम्हाला त्या वेळी काय वाटायचं, ते मी कधी विचारलं नाही. कधीकधी मोटार चालू असताना तुमचे ओठ हलताना दिसायचे. जप करताय असं मला वाटायचं. आता वाटतं, नसाल करत.

पोटाचं दुखणं तुम्ही लपवलंत. आपल्याच गोळ्या खात राहिलात. परळच्या इस्पितळात ऑपरेशन झालं तेव्हा नवं मराठी राज्य व्हायची तयारी चालली होती. रात्री सगळीकडे दिवे लागणार म्हणून वॉर्डातल्या नर्सही आनंदात होत्या. त्यांच्यातल्या एकीनं तुमच्या तळहातावर पांढरी गोळी ठेवली तर तुम्ही ती खिडकीशी धरून निरखायला लागलात. "कडा बघ इंदू. एक टवका नाही. ह्यांचा साचा नवीन असणार." नर्स म्हणाली, "आजी, गिळा आता." जाधव भोईवाड्याहून रोज संध्याकाळी यायचे. त्यांच्या घरून आलेली मऊ खिचडी तुम्ही खाल्लीत. माझा भात मात्र नको म्हणालात. मला राग आला होता, हेही सांगून टाकते.

एका दुपारी मी विचारलं, "अनसूयेला निरोप पाठवू का?"

तुम्ही चादर छातीपर्यंत ओढलीत. "आली तर तिला काय सांगू? तुझं म्हणणं खरं होतं, असं मी काही म्हणणार नाही."

"नका म्हणू."

"आणि माझं खरं होतं असं तूही म्हणणार नाहीस."

"नाही म्हणणार."

तुम्हाला हसू आलं आणि टाके ओढले गेले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. नंतर घसा कोरडा पडला म्हणून अंगठा ओठाला लावलात. डॉक्टरांनी चहा देऊ नका म्हटलं होतं. मी दिला नाही. त्यानंतर बोलण्याइतक्या शुद्धीवर तुम्ही फारशा आलाच नाहीत.

परवा अनसूया आली. कुठूनतरी कळलं होतं. केस पिकलेत, आवाज तोच. बाहेरच्या खोलीत ती सगळ्यांसारखी बसली नाही, तडक आत स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून रडली. मी तिला बसवलं. लालबागला ती आणि तिची भावजय गिरणीतल्या माणसांसाठी खानावळ चालवतात. मी म्हटलं, "अनसूया, माईंना शेवटपर्यंत वाटत होतं, तू रागावून गेलीस. आणि मला वाटत होतं, तुझं काम गेलं म्हणून गेलीस."

तिनं हात धरून मलाही शेजारी बसवलं.

"कसला राग, वयनी? ते मशीन तर मीच ढकलत आणलंय. आणि गुट्या वळायला कोणाला आवडायचं? नखं बघा माजी, अजून सुधारली नाय."

"मग गेलीस का?"

"बोलायला नाय मिळायचं," ती म्हणाली. "घरी मी एकटी, ट्राममध्ये एकटी. त्या खोलीत येऊन बोलायची, तेवढंच. मग तिथंही भिंतीकडे तोंड करून बसायचं. माईंनी पैसे दिले, काम दिलं, सगळं दिलं. हे त्यांना कसं सांगू? कामावर बोलायला येते म्हटलं तर कोण हसलं नसतं?" मग डोळे पुसून म्हणाली, "आता आमी चौघी भाकऱ्या थापतो. दिवसभर तोंड चालू. बरं चाललंय."

ती गेली आणि मी उठले ती थेट मागच्या खोलीकडे निघाले, तुम्हाला सांगायला. माई, ऐकलंत का, आपण दोघीही चुकलो, इतकी वर्षं नसत्याच गोष्टीवर भांडलो. दार ढकललं तेव्हा समजलं. भांडणाचा निकाल माझ्या हातात होता आणि तो द्यायला दुसरी बाजूच नव्हती. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बघ, काळी बोटं तिलाही नकोच होती." मी म्हटलं असतं, "पण मशीन आलं नसतं तर ती गेली नसती." आणि आपण पुन्हा सुरू झालो असतो. तेच तर मला हवं आहे.

काल तेरावा झाला. संध्याकाळी भावोजींनी मला बोलावून विचारलं, "इंदू, बंद करायचं का हे?" त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदाच म्हातारपण ऐकू आलं. मी म्हटलं, "दाणा सुकवून ठेवलाय, वाया जाईल."

आज सकाळी मी साचा पुसला, तेल घातलं, पट्टा चढवला आणि मोटार सुरू केली. समोर कुणी नव्हतं. गोळ्या पडू लागल्या. मग मी तुमच्याशी बोलले. पहिल्यापासून, हे सगळं, मोठ्यानं, घसा ताणून. बोलता बोलता रडलेही, ओरडूनच म्हणा ना. मशीन चालू होतं, म्हणून वाडीत कुणाला ऐकू गेलं नाही.